मुलाचे टॉन्सिल व ॲडेनॉइड काढल्याने शरीरातील दाह कमी होतो का : पालकांनी निर्णय आणि पाठपुरावा कसा करावा

मुलाचा घसा वरचेवर दुखतो, रात्री ते तोंड उघडे ठेवून झोपते व घोरते, आणि केव्हातरी केलेल्या रक्ततपासणीत सीआरपी (शरीरातील दाहाची खूण असलेले रक्तातील एक प्रथिन) वाढलेले आढळते. अशा वेळी टॉन्सिल व ॲडेनॉइड काढून टाकले तर शरीरात धुमसत राहिलेला हा दाह थांबेल का, असा प्रश्न पालक डॉक्टरांना विचारतात. त्याचे उत्तर दाह कोणत्या कारणाने होत आहे यावर अवलंबून असते. जंतुसंसर्गामुळे घशात पुन्हा पुन्हा येणारी सूज, झोपेत श्वास अडल्यामुळे साऱ्या शरीरात राहणारा मंद दाह, ठरावीक दिवसांनी ताप आणणारा एक विशिष्ट आजार, आणि शस्त्रक्रियेच्या जखमेमुळे काही दिवस होणारा दाह, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. म्हणून आपल्या मुलाच्या बाबतीत यांपैकी नेमके काय कमी करायचे आहे, हे पालकांनी सर्वप्रथम डॉक्टरांबरोबर बसून ठरवून घ्यावे. ते ठरले की कोणत्या तपासण्या कराव्यात, किती वाट पाहावी आणि नंतर सुधारणा कशावरून ओळखावी, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

या गाठी मोठ्या का होतात

टॉन्सिल जिभेच्या मुळाशी, घशाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि तोंड उघडल्यावर दिसतात. ॲडेनॉइड नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या अंगाला असते; ते बाहेरून दिसत नाही आणि पाहण्यासाठी नाकातून घालायची बारीक दुर्बीण किंवा बाजूने काढलेला एक्स-रे लागतो. श्वासातून आणि अन्नातून येणाऱ्या जंतूंची ओळख करून घेणे व त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांचे काम आहे. हे काम बालपणात सर्वाधिक चालते, त्यामुळे साधारण दोन-तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंत या गाठी जोमाने वाढतात. त्याच वयात चेहऱ्याची हाडे मात्र लहान असतात, आणि म्हणून गाठींच्या मानाने श्वासमार्ग अपुरा पडतो. पुढे ॲडेनॉइड आपोआप आक्रसते व किशोरवयात ते बहुधा फारसे उरत नाही.

टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल भेगा असतात. त्या भेगांत आणि ॲडेनॉइडच्या घड्यांत जंतू चिकट थर करून राहू शकतात, आणि त्या थराच्या आतपर्यंत प्रतिजैविके पुरेशी पोहोचत नाहीत. औषध संपल्यावर थोड्याच दिवसांत तोच त्रास पुन्हा का उद्भवतो, याचे एक कारण येथे आहे. ॲडेनॉइडच्या बाबतीत याचा परिणाम कानावरही होतो, कारण मध्यकर्णाची नळी ॲडेनॉइडच्या अगदी शेजारी उघडते. तेथे सतत सूज राहिली की कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचते आणि मुलाला कमी ऐकू येऊ लागते. चार वर्षांवरील मुलांमध्ये हे पाणी दीर्घकाळ हटत नसेल, तर ॲडेनॉइड काढण्याचा विचार केला जातो.

गाठ मोठी दिसणे हा मात्र स्वतंत्र आजार नव्हे. डॉक्टर टॉन्सिलच्या आकाराला 1 ते 4 अशी श्रेणी देतात, ज्यात 4 म्हणजे घशाच्या रुंदीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग व्यापलेला असतो. ही श्रेणी आणि झोपेतील श्वासाचा अडथळा यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. मोठ्या टॉन्सिलचे मूल शांत झोपते आणि मध्यम टॉन्सिलचे मूल रात्रभर धडपडते, असे पुष्कळदा दिसते. केवळ आकार पाहून शस्त्रक्रियेला होकार किंवा नकार देऊ नये.

घसा वारंवार बिघडत असेल तर

एक वही घ्यावी आणि प्रत्येक वेळी त्यात तारीख, थर्मामीटरने मोजलेला सर्वाधिक ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा पू होता का, मानेतील गाठी सुजून दुखत होत्या का, घशाच्या स्रावाची तपासणी केली असल्यास तिचा निकाल, दिलेले औषध आणि बुडलेल्या शाळेचे दिवस लिहावेत. आठवणीवर विसंबून सांगितलेला आकडा बहुतेक वेळा खऱ्या आकड्यापेक्षा वेगळा निघतो, आणि निर्णय तर याच आकड्यावर अवलंबून असतो.

जगभर मान्य असलेल्या निकषांनुसार, गेल्या एका वर्षात किमान 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी किमान 5 वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी किमान 3 वेळा असा त्रास झाला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. मोजायचा प्रसंग म्हणजे घसादुखीबरोबर 38.3 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक ताप, मानेतील सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवरील पू, किंवा स्ट्रेप्टोकॉकस जंतूची सकारात्मक तपासणी यांपैकी किमान एक गोष्ट असलेला प्रसंग. साधी सर्दी, खोकला आणि त्यासोबतची घशाची खवखव यांत धरली जात नाही. मुलांच्या घसादुखीचे बहुतांश प्रसंग विषाणूंमुळे होतात, आणि टॉन्सिल नसले तरी विषाणू नाकाला व घशाला गाठतातच.

या निकषांपेक्षा कमी त्रास असेल तर थांबून पाहणे हाच योग्य मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. शस्त्रक्रिया न केलेल्या मुलांचाही त्रास वाढत्या वयाबरोबर कमी होत जातो, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. ज्यांना तीव्र त्रास असतो त्यांना शस्त्रक्रियेचा फायदा नक्की होतो, परंतु तो मुख्यतः पहिल्या एक-दोन वर्षांत दिसतो. त्यानंतर दोन्ही गटांतील अंतर कमी होत जाते. टॉन्सिलच्या मागे एकाहून अधिक वेळा गळू झाले असेल, किंवा मुलाला अनेक प्रतिजैविकांची ॲलर्जी असेल, तर निकष पूर्ण होण्याची वाट न पाहता डॉक्टर आधी निर्णय घेऊ शकतात.

झोपेतील अडथळा आणि सर्व शरीरातील दाह

शस्त्रक्रिया आणि दाह यांचा सर्वांत महत्त्वाचा संबंध झोपेशी आहे. मूल झोपले की घशाचे स्नायू सैल पडतात. टॉन्सिल व ॲडेनॉइडने आधीच अरुंद झालेली वाट आणखी मिटते, श्वास काही सेकंद अडतो, रक्तातील प्राणवायू घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि श्वास पुन्हा सुरू होतो. हे चक्र तासाला अनेक वेळा चालू राहते. प्राणवायूच्या अशा सतत वर-खाली होण्यामुळे पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो आणि पेशींमध्ये दाहाला चालना देणारी यंत्रणा जागी होते. त्यातून इंटरल्यूकिन-6 व टीएनएफ-अल्फा यांसारखी रसायने रक्तात वाढतात. इंटरल्यूकिन-6 यकृतापर्यंत पोहोचले की यकृत सीआरपी तयार करू लागते. म्हणजे घशात जंतुसंसर्ग नसतानाही, केवळ श्वास अडल्यामुळे, रक्ततपासणीत दाहाची खूण दिसू शकते. या दाहाचा परिणाम रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तरावर होतो, आणि म्हणूनच डॉक्टर मुलाच्या घोरण्याकडे गांभीर्याने पाहतात.

शस्त्रक्रियेने हे चक्र थांबले तर दाहही कमी व्हावा, ही अपेक्षा तर्काला धरून आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आणि काही महिन्यांनंतर त्याच मुलांचे रक्त तपासणाऱ्या अनेक अभ्यासांत सीआरपी व इंटरल्यूकिन-6 घटलेले आणि दाहाला आवर घालणारे इंटरल्यूकिन-10 वाढलेले आढळले. तथापि, या अभ्यासांत तुलनेसाठी शस्त्रक्रिया न केलेला गट बहुधा नव्हता. अमेरिकेत झालेल्या आणि 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 5 ते 9 वर्षे वयाच्या 464 मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली आणि दुसऱ्या गटावर केवळ लक्ष ठेवले. सात महिन्यांनी पहिल्या गटातील 79 टक्के मुलांची झोपेतील तपासणी सामान्य झाली, तर दुसऱ्या गटातील 46 टक्के मुलांची तपासणी शस्त्रक्रियेशिवायच सामान्य झाली. वागणूक, झोपेच्या तक्रारी व एकूण जीवनमान यांत शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा दिसला. परंतु याच मुलांच्या रक्तातील सीआरपी, मेद, साखर यांच्यात शस्त्रक्रियेमुळे लक्षणीय फरक पडल्याचे आढळले नाही.

हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी विसंगत वाटतात, पण तसे मानण्याचे कारण नाही. त्या चाचणीतील मुले एरवी निरोगी होती आणि रात्री ज्यांचा प्राणवायू दीर्घकाळ फार खाली जात होता अशा मुलांना त्यात घेतलेच नव्हते. ज्याचे सीआरपी मुळात कमी आहे त्याचे आणखी किती खाली जाणार? याउलट ज्या मुलाचा अडथळा तीव्र आहे, वजन सामान्य आहे आणि सीआरपी दुसऱ्या कोणत्याही कारणाविना वाढलेले आहे, त्याच्या बाबतीत घट होण्याची शक्यता बरीच असते. लठ्ठ मुलांमध्ये चरबीची ऊती स्वतःच इंटरल्यूकिन-6 तयार करते, त्यामुळे श्वास मोकळा झाला तरी दाहाचा एक भाग उरतो. पालकांनी शस्त्रक्रियेकडून काय अपेक्षा ठेवावी, हे या फरकावरून ठरवावे.

अडथळा ओळखण्यासाठी घरी करण्यासारखी सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे झोपलेल्या मुलाचे चित्रीकरण. ते मध्यरात्रीनंतर, शक्यतो पहाटेच्या सुमारास करावे, कारण रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप अधिक असते आणि त्या झोपेत मुलांचा श्वास जास्त अडतो. अंगावरचे पांघरूण व कपडा छातीपासून पोटापर्यंत बाजूला करावा, मंद दिवा लावावा आणि चेहरा व पोट दोन्ही एकाच चौकटीत येतील असे धरून काही मिनिटे आवाजासह चित्रण घ्यावे. श्वास घेताना छाती आत ओढली जाऊन पोट वर येते का, गळ्याच्या खालच्या खळग्यात खड्डा पडतो का, घोरणे अचानक थांबून काही क्षण शांतता पसरते व मग मूल दचकून किंवा धापा टाकत श्वास घेते का, मान मागे टाकून झोपते का, हे डॉक्टरांना त्यातून दिसते. याबरोबर अंथरूण ओले होणे, झोपेत खूप घाम येणे, सकाळी डोके दुखणे, वाढ मंदावणे आणि दिवसा सुस्तीऐवजी चिडचिड व अतिचंचलपणा दिसणे, या गोष्टींचीही नोंद करावी.

निश्चित निदान रात्रभराच्या झोपेच्या तपासणीने, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफीने होते. तासाला किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला याचा आकडा तिच्यातून मिळतो. मुलांमध्ये हा आकडा 1 पेक्षा अधिक असणे सामान्य मानत नाहीत. 5 पर्यंत सौम्य, 5 ते 10 मध्यम आणि 10 च्या वर तीव्र अशी ढोबळ विभागणी केली जाते. प्रौढांच्या मापाने पाहिल्यास 3 किंवा 4 हा आकडा किरकोळ वाटेल, म्हणून अहवाल मुलांच्या झोपेचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. प्रत्येक मुलाला ही तपासणी लागतेच असे नाही. मूल दोन वर्षांपेक्षा लहान असेल, लठ्ठ असेल, त्याला डाउन सिंड्रोम, चेहऱ्याच्या हाडांतील दोष, स्नायूंचा आजार किंवा सिकल सेलचा आजार असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी ती करून घ्यावी.

अडथळा सौम्य असेल तर नाकात फवारायचे स्टेरॉइड काही आठवडे देऊन पाहता येते. अशा मुलांच्या गाठींत ल्यूकोट्राइन नावाच्या दाहकारक रसायनांचे प्रमाण वाढलेले असते, म्हणून मॉन्टेलुकास्ट हे औषधही वापरले जाते. मात्र त्याने काही मुलांची झोप, मनःस्थिती व वागणूक बिघडते आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2020 साली त्याविषयी कडक इशारा दिला आहे. मूल अचानक चिडखोर, घाबरट किंवा उदास झाले, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. घोरणारी, पण अडथळा नगण्य असलेली मुले शस्त्रक्रियेने किती सुधारतात, हे पाहणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष 2023 साली आले. एकाग्रतेच्या चाचण्यांत फरक पडला नाही. वागणूक, झोपेच्या तक्रारी व रक्तदाब यांत मात्र सुधारणा दिसली.

दमा असलेल्या मुलांविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वरच्या श्वासमार्गातील दाह आणि फुप्फुसांतील दाह एकमेकांना खतपाणी घालतात. अमेरिकेतील 13 हजारांहून अधिक दमाग्रस्त मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात दम्याचे तीव्र झटके सुमारे 30 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. दोन्ही त्रास असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञ व दम्यावर उपचार करणारे डॉक्टर यांनी एकत्र निर्णय घ्यावा, आणि शस्त्रक्रियेनंतर दम्याची औषधे पालकांनी परस्पर बंद करू नयेत.

ठरावीक दिवसांनी ताप येत असेल तर

काही मुलांना दर तीन ते सहा आठवड्यांनी, जणू तिथी ठरल्याप्रमाणे, तीव्र ताप येतो. तोंडात फोड येतात, घसा लाल होतो, मानेतील गाठी सुजतात आणि चार-पाच दिवसांत सारे आपोआप मावळते. मधल्या काळात मूल पूर्ण ठणठणीत असते व वाढही नीट होत असते. 1987 साली प्रथम वर्णन झालेल्या या आजाराला पीएफएपीए म्हणतात. तो बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होतो. तापाच्या दिवसांत सीआरपी खूप वाढते आणि मुलाला दर वेळी प्रतिजैविके दिली जातात, जरी त्यांचा काहीच उपयोग होत नसला तरी. टॉन्सिल काढल्यावर बहुसंख्य मुलांचे हे झटके थांबतात, आणि लहान प्रमाणावर का होईना, तुलनात्मक चाचण्यांनीही याला दुजोरा दिला आहे. वर सांगितलेल्या वहीत तापाच्या तारखा लिहिल्या असतील तर हा आजार पकडता येतो, अन्यथा तो वर्षानुवर्षे नेहमीची घसादुखी म्हणून निसटून जातो. हा आजार वयाबरोबर आपोआपही बरा होतो आणि झटक्याच्या सुरुवातीला दिलेल्या स्टेरॉइडच्या एकाच मात्रेने ताप उतरू शकतो, म्हणून शस्त्रक्रिया हा एक पर्याय आहे, सक्ती नव्हे.

रक्ततपासणीचा अहवाल वाचताना

सीआरपीचा आकडा पाहण्याआधी त्यापुढील एकक पाहावे. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, तर काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; 0.6 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे 6 मिलिग्रॅम प्रति लिटर. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून दाह दहापट वाढला असा समज करून घेतल्याने पालकांना अकारण काळजी लागते. मुलाला सर्दी, ताप, जुलाब किंवा दाताचा संसर्ग असताना ही तपासणी केल्यास झोपेच्या अडथळ्याविषयी तिच्यातून काहीच कळत नाही. झोपेशी संबंधित मंद दाह पाहायचा असेल, तर मूल दोन-तीन आठवडे पूर्ण बरे असताना अतिसंवेदनशील प्रकारची सीआरपी तपासणी करावी, कारण साध्या तपासणीत लहान वाढ नीट मोजली जात नाही.

एएसओ, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जंतूविरुद्ध शरीरात तयार होणारे प्रतिपिंड, मोजणाऱ्या तपासणीविषयी फार गैरसमज आहेत. स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होऊन गेल्यावर रक्तातील एएसओ काही आठवडे वाढते आणि पुढे कित्येक महिने वाढलेलेच राहू शकते. शरीराने पूर्वी त्या जंतूशी सामना केला, एवढाच त्याचा अर्थ. केवळ एएसओ जास्त आहे म्हणून टॉन्सिल काढू नयेत, आणि शस्त्रक्रियेनंतर एएसओ लगेच उतरले नाही म्हणून शस्त्रक्रिया फसली असेही समजू नये.

प्रतिकारशक्तीची भीती

टॉन्सिल काढल्यावर मुलाची प्रतिकारशक्ती कमी होईल, ही चिंता रास्त आहे आणि ती डॉक्टरांनी उडवून लावू नये. शस्त्रक्रियेनंतर काही प्रतिपिंडांचे प्रमाण थोडे घटते, पण ते साधारणपणे सामान्य मर्यादेत राहते. लसिका ग्रंथी, प्लीहा आणि आतड्यांतील प्रतिकारक ऊती आपले काम करत राहतात. डेन्मार्कमधील सुमारे 12 लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या नवव्या वर्षाआधी टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड काढलेल्यांमध्ये पुढील आयुष्यात वरच्या श्वासमार्गाच्या आजारांचे प्रमाण अधिक आढळले. ज्या मुलांवर शस्त्रक्रिया होते ती मुळातच अधिक आजारी पडणारी असतात, त्यामुळे हा सारा फरक शस्त्रक्रियेच्या माथी मारता येत नाही. तरीही ठोस कारणाशिवाय या गाठी काढू नयेत, एवढे त्यातून निश्चित निघते.

शस्त्रक्रिया ठरल्यावर

तज्ज्ञांना विचारावे की टॉन्सिल पूर्ण काढणार की त्याचे बाहेरील आवरण शाबूत ठेवून आतील भाग काढणार. अडथळा हेच कारण असेल तर दुसऱ्या पद्धतीत जखम कमी होते, म्हणून वेदना, रक्तस्राव व जखमेचा दाहही कमी राहतो. उरलेला भाग थोड्या मुलांत पुन्हा वाढू शकतो, आणि वारंवार संसर्ग हे कारण असेल तर बहुतेक तज्ज्ञ पूर्ण काढणेच पसंत करतात. भुलीखाली असताना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची एक मात्रा देणार का, हेही विचारावे. तिने सूज, वेदना व उलट्या कमी होतात. त्याउलट, शस्त्रक्रियेनंतर सरसकट प्रतिजैविके देण्याची गरज नसते.

मुलाच्या नाकातून वारंवार रक्त येते का, लहानशा धक्क्याने काळेनिळे डाग पडतात का, कुटुंबात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे न विचारताही सांगावे. हलणारा दात भूलतज्ज्ञांना दाखवावा. पडजीभ दोन भागांत फाटलेली असेल किंवा टाळूत दोष असेल, तर ॲडेनॉइड काढल्यावर मूल नाकात बोलू लागण्याचा धोका असतो, म्हणून ती तपासणी आधीच व्हायला हवी. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकलण्यास कचरू नये. तीन वर्षांखालील मुलाला आणि तीव्र अडथळा असलेल्या मुलाला त्या रात्री रुग्णालयातच ठेवावे.

पहिले दोन आठवडे

शस्त्रक्रियेनंतर दाह आधी वाढतो. सीआरपी दोन दिवसांच्या सुमारास सर्वाधिक होते व नंतर उतरू लागते, म्हणून या काळात ते तपासून काहीच साध्य होत नाही. टॉन्सिलच्या जागी पांढरट-पिवळसर पापुद्रा धरतो आणि तोंडाला दुर्गंधी येते. तो पू नसून जखम भरण्याचा भाग आहे. तो खरवडू किंवा पुसू नये. पहिल्या एक-दोन दिवसांत हलका ताप येऊ शकतो. कान दुखणेही नेहमीचे आहे, कारण घशाच्या व कानाच्या संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखांतून जातात. सूज असेपर्यंत काही रात्री घोरणे सुरूच राहते, क्वचित वाढतेही.

वेदना सरळ रेषेत कमी होत नाही. पापुद्रा सुटू लागतो त्या काळात, म्हणजे पाचव्या दिवसानंतर, ती पुन्हा उसळू शकते. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेल्या मात्रेत, पहिले काही दिवस घड्याळाप्रमाणे द्यावे. दुखू लागल्यावर देण्यापेक्षा हे अधिक परिणामकारक ठरते. ॲस्पिरिन देऊ नये. कोडीन असलेले औषध तर कधीच देऊ नये, कारण काही मुलांच्या शरीरात त्याचे फार वेगाने मॉर्फिनमध्ये रूपांतर होऊन श्वास मंदावतो व मृत्यूही झालेले आहेत. मुलाला थोडेथोडे पाणी सतत पाजावे. पाणी कमी पडले की घसा कोरडा होतो, वेदना वाढते आणि मूल आणखी कमी पिते. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना अश्रू आले नाहीत किंवा मूल मलूल दिसले, तर डॉक्टरांना गाठावे.

रक्तस्राव पहिल्या 24 तासांत किंवा पाचव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान होण्याचा संभव अधिक असतो. लाल, ताजे रक्त दिसले तर ते थोडे असले तरी मुलाला बसवून पुढे वाकवावे, रक्त गिळू न देता थुंकायला सांगावे आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. झोपेत मूल पुन्हा पुन्हा काहीतरी गिळत असेल, तर दिवा लावून तोंडात पाहावे. 38.5 अंशांवर टिकणारा ताप, मान वळवता न येणे किंवा श्वासाचा त्रास या गोष्टींसाठीही थांबू नये. दोन आठवडे दांडगाईचे खेळ आणि रुग्णालयापासून दूरचा प्रवास टाळावा.

पुढील महिन्यांत काय पाहावे

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पहाटेचे चित्रीकरण करावे आणि ते पहिल्या चित्रणाशेजारी ठेवून पाहावे. छाती आत ओढली जाणे थांबले, मूल तोंड मिटून झोपू लागले, अंथरूण कोरडे राहू लागले, सकाळी चिडचिड कमी झाली, तर रक्ताचा आकडा न पाहताही दाहाचे मूळ कारण दूर झाले असे मानता येते. आधी सीआरपी वाढलेले होते अशा मुलाचीच ती तपासणी सुमारे तीन महिन्यांनी, मूल निरोगी असताना, त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करावी. अडथळा तीव्र होता, मूल लठ्ठ आहे किंवा त्याला डाउन सिंड्रोम आहे, तर लक्षणे नसली तरी झोपेची तपासणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी, कारण या मुलांमध्ये अडथळा पूर्णपणे जाईलच याची खात्री नसते.

वजनाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक मुलांचे वजन वाढते. कृश मुलासाठी ते चांगले लक्षण आहे, पण आधीच वजन जास्त असलेल्या मुलातही ही वाढ होते आणि त्यातून अडथळा व दाह दोन्ही परत येऊ शकतात. दर महिन्याला वजन व उंची मोजून वाढीच्या तक्त्यावर नोंदवावी. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी घोरणे पुन्हा सुरू झाले, तर टॉन्सिल आधीच काढले आहेत म्हणून दुर्लक्ष करू नये. ॲडेनॉइड पुन्हा वाढले आहे का, जिभेच्या मुळाशी असलेल्या गाठी मोठ्या झाल्या आहेत का, नाकाची ॲलर्जी किंवा अरुंद टाळू आहे का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे आणि कारणानुसार नाकातील फवारा, टाळू रुंद करणारे दंतोपचार, वजन कमी करणे किंवा रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र यांपैकी योग्य तो मार्ग निवडावा.